मास्तरांचा चवडा आणि काळं बटण

सिस्टरांच्या फोनमध्ये नातीचे फोटो आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं तर आधी बऱ्याच टाचा, गुडघे आणि कोपर ओलांडावे लागतात. हे त्यांच्या नणंदेला एका लग्नात कळलं. "दाखव गं नातीला," म्हणून तिनं हौसेनं फोन हातात घेतला, बोट सरकवलं, तर समोर आली एक टाच. पुढं सरकवलं, पुन्हा तीच टाच. आणखी पुढं, तरी तीच, फक्त जरा गुलाबी. जेवणं तोंडावर आली होती. नणंदबाईंनी फोन चिमटीत धरून परत केला आणि त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

सिस्टरांना याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. उलट त्यांना वाटलं, बाई अजून थोडी पुढं गेली असती तर तिलाही मजा आली असती. ती टाच शेवटी अगदी छान बरी झाली होती.

उभी नोकरी त्यांनी मोठ्या दवाखान्यात, ड्रेसिंगच्या खोलीत काढली. पांढऱ्या फरशा, स्पिरिटचा वास, बाहेरच्या बाकावर कण्हणारी रांग. तिथं त्यांना एकच गोष्ट खुपायची. माणूस जखम घेऊन यायचा, चार वेळा पट्टी बदलून जायचा आणि एक दिवस यायचाच बंद व्हायचा. बरा झाला, कंटाळला, की आणखी काही झालं, कळायला मार्ग नाही. गोष्ट रंगात आली की कुणीतरी पुस्तक हातातून काढून घ्यावं, तसं वर्षानुवर्षं चाललं होतं. म्हणून निवृत्त झाल्यावर, 'आता तरी स्वस्थ बसा' असं सगळे कानीकपाळी ओरडत असताना, त्यांनी स्कूटर बाहेर काढली. ज्यांना दवाखान्यापर्यंत येववत नाही त्यांच्या घरी जाऊन त्या पट्ट्या बदलू लागल्या. आता पहिल्या पट्टीपासून शेवटच्या पट्टीपर्यंत माणूस त्यांचा होता.

फोन मुलीनं दिलेला. ती लांब राहते. आईनं अधूनमधून स्वतःचा एखादा फोटो पाठवावा, एवढीच तिची अपेक्षा. आईनं पहिला फोटो पाठवला तो बेकरीवाल्याच्या आईच्या भाजलेल्या कोपराचा. तो खरं म्हणजे डॉक्टरांना पाठवायचा होता, चुकून मुलीला गेला. त्या बेकरीवाल्याच्या आई रोज डोळ्यांत पाणी आणून म्हणायच्या, "सिस्टर, तुम्ही चांगल्या आहात हो, पण फरक काही नाही." सिस्टर रोज समजूत घालून दमल्या. शेवटी एक दिवस त्यांनी पहिला फोटो आणि त्या दिवशीचा फोटो असे दोन्ही म्हातारीपुढं धरले. म्हातारीनं चष्मा पुसला, परत बघितलं आणि सुनेला हाक मारून म्हणाली, "अगं, हा बघ माझा हात! मला कुणी सांगितलंच नाही." सिस्टर इतके दिवस सांगत होत्या ते वाऱ्यावर गेलं होतं.

त्या दिवसापासून सिस्टरांना नाद लागला. नादच म्हणायचा, दुसरा शब्द नाही. पहिला फोटो काढताना माणूस जखमेला बिचकलेला असतो. दुसऱ्यांदा काढताना नजर आपसूक विचारते, काल इथं काय होतं? तिसऱ्यांदा तर त्या जखमेशी अशी ओळख झालेली असते की कडेला तांदळाएवढी नवी कातडी आली तरी सिस्टर उंबरठ्यावर भेटलेल्या पाहुण्यासारखं "आलीस का!" म्हणायच्या. मोठ्यानं म्हणायच्या, घरचे बघत राहायचे. आणि फोटोत नुसती जखम थोडीच येते? कडेला घरही येतं. पहिल्या फोटोत चुरगळलेली चादर, चौथ्यात स्वच्छ धुतलेली. पहिल्यात पलंगाखाली दूर ढकललेल्या चपला, पुढच्या कुठल्याशा फोटोत त्या पायांशी येऊन उभ्या. माणूस चालायचं मनात आणतोय हे सिस्टरांना चपलांवरून आधी कळायचं. हे सगळं एका फोटोत दिसत नाही. पुन्हा पुन्हा काढावे लागतात, आणि त्यात सिस्टरांना इतकं सुख होतं की एखादी जखम पूर्ण भरली की आनंदाबरोबर थोडी चुटपुटही लागायची.

हा नाद घरापर्यंत आलाच. रविवारी सकाळी नवरा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर घेऊन बसला की त्या समोरून एक फोटो काढायच्या. तीच खुर्ची, तोच नवरा, तोच पेपरमागे लपलेला चेहरा.

"मी काय जखम आहे का, रोज उठून फोटो काढायला?" नवरा एकदा वैतागला.

"रोज कुठं, रविवारी. आणि अजून भरली नाही म्हणून काढते."

नवऱ्यानं पेपर वर धरला, पण मागं तो हसत होता हे पेपर हलल्यावरून कळत होतं.

सिस्टरांची फोटो काढायची एक रीत होती. जखमेशेजारी त्या घरातलीच एक वस्तू ठेवायच्या, दर वेळी तीच. कुठं काडेपेटी, कुठं चमचा, कुठं दाराची जुनी किल्ली. सुरुवातीला मापाची कागदी पट्टी ठेवून बघितली होती, पण ती भिजायची, फाटायची, आणि लोक घाबरायचे; पोलीस पंचनाम्याला आल्यासारखं वाटतं म्हणायचे. नाणं ठेवून बघितलं, तर ते घरातलं कुणीतरी खर्च करून टाकायचं. घरची एखादी ओळखीची वस्तू बरी. मग फोनच्या पडद्यावर ज्या बारीक रेघांच्या चौकटी येतात, त्यातल्या कोपऱ्यातल्या चौकटीत ती वस्तू बरोबर मावेपर्यंत त्या फोन खाली-वर करायच्या. मावली की टिचकी. म्हणजे प्रत्येक फोटो तेवढ्याच अंतरावरून निघायचा आणि जखम वाढली की आटली ते सरळ दिसायचं. "हललात तर बघा!" हा त्यांचा ठरलेला दम. कारण हललेला फोटो त्यांच्या लेखी फोटोच नव्हता.

आता मास्तरांकडं येऊ.

मास्तर म्हणजे बँकेसमोरचे शिंपी. पुढं दुकान, मागं दोन खोल्या. दुकानात पायाचं शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल आणि दोरीवर टांगलेले लोकांचे कपडे. कापणं आणि शिवणं मास्तरांकडं, काज-बटण आणि हातशिलाई त्यांच्या बायकोकडं, म्हणजे वहिनींकडं. मास्तर कुणालाही बघितलं की आधी माप घेत, मग नमस्कार. समोरच्या बँकेचा वॉचमन रस्ता ओलांडून आला की म्हणत, "पोट बोटभर पुढं गेलंय, कोट सैल करून घ्या." वॉचमन म्हणायचा, "कोट ढिला नको, जेवण कमी करतो." हे त्यांचं कित्येक वर्षं चाललं होतं. ना कोट सैल झाला, ना जेवण कमी झालं.

मास्तरांना साखरेचा आजार. पायाला मुंग्या यायच्या, मग मुंग्याही येईनाशा झाल्या, मास्तरांना वाटलं बरं झालं. असंच एक दिवस अनवाणी दुकानात फिरताना एक टाचणी उजव्या चवड्यात घुसली. त्यांना कळलंच नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कपड्यांतून टाचण्या वेचून काढणाऱ्या माणसाच्या पायात टाचणी दिवसभर राहिली. वहिनींना फरशीवर डाग दिसले तेव्हा बोंबाबोंब झाली. मग जखम, मग पू, मग मोठा दवाखाना, आणि तिथून घरी आल्यावर सिस्टर.

उजवा चवडा म्हणजे मास्तरांचा सगळा संसार. मशीनचं पायटं त्या चवड्यानं दाबायचं. वहिनी म्हणाल्या, विजेची मोटर बसवू. मास्तरांनी ऐकून घेतलं नाही. "मोटर पळते, मी थांबतो. मला थांबता आलं पाहिजे," म्हणाले. त्यात काय अर्थ ते शिंप्यालाच ठाऊक, पण म्हणणं पक्कं होतं.

आणि इतकं असूनही ते त्या पायाकडं बघायचे नाहीत. सिस्टरांनी पट्टी सोडायला घेतली की मास्तर तोंड फिरवून दोरीवरच्या कपड्यांकडं बघत आणि एकेकाचं माप मोठ्यानं म्हणत राहत. हा पोस्टातल्या साहेबांचा सदरा, गळा सव्वापंधरा. हा शाळेच्या बाईंचा ब्लाउज, बाही लांब हवी. सिस्टर म्हणायच्या, "मास्तर, आज तरी बघा, छान आहे." मास्तर म्हणायचे, "तुम्ही बघताय ना, मग झालं." फोटोसुद्धा त्यांनी कधी बघितला नाही.

इथं वस्तू कुठली ठेवायची हा प्रश्नच नव्हता. वहिनींच्या डब्यातलं एक मोठं काळं बटण, चार भोकांचं, सिस्टरांनी पहिल्याच दिवशी उचललं. ते ड्रेसिंगच्या ट्रेमध्ये, कात्री-कापसाशेजारी राहू लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात बटण मावलं की टिचकी.

सुरुवातीचे फोटो बघवत नव्हते. मग हळूहळू तळ लाल झाला, कडा मऊ पडल्या, वास गेला. सिस्टर खूश होत्या. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमना फोटो जात होते, त्यांचाही "छान" म्हणून निरोप यायचा. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एका फोटोत जखम एकदम मोठी दिसली.

सिस्टरांनी फोनची काच पुसली. त्यांनी पुन्हा फोटो काढला. पुन्हा तेवढीच मोठी. दोन दिवसांनी काढला, तरी तशीच. रंग चांगला, वास नाही, ताप नाही, आणि आकार मात्र वाढलेला. असं त्यांनी जन्मात बघितलं नव्हतं. पट्टी बांधताना त्यांच्या डोळ्यांना वाटत होतं की जखम आटतेय. पण डोळ्यांचं त्या ऐकणार कशा? घरोघरी त्यांनीच सांगून ठेवलं होतं, रोज बघणाऱ्या डोळ्याला काही कळत नाही, फोटोला विचारा. आता फोटो सांगत होता, आणि तो नेमका नको ते सांगत होता.

डॉक्टर मॅडमचा फोन आला. आवाज मवाळ होता, पण शब्द नको तेच होते. "सिस्टर, शेवटचे तीन फोटो बघितले. वाढतेय हो. वरून चांगली दिसते आणि आतून पसरते, असं होतं कधी कधी. सोमवारी घेऊन या, दाखल करू. मी नीट तपासेन, पण चवड्याचा पुढचा भाग काढावा लागेल अशी मनाची तयारी करायला सांगा त्यांना."

हे मास्तरांना सांगायचं काम सिस्टरांवर आलं. त्यांनी सांगितलं तेव्हा वहिनी हातातला सदरा तसाच धरून उभ्या राहिल्या. मास्तरांनी नुसतं मशीनकडं बघितलं. मग वहिनींना म्हणाले, "न कापलेलं कापड ज्याचं त्याला परत देऊन टाक. कापलेलं असेल ते उद्यापर्यंत पुरं करतो."

"अहो, असं काय लगेच—"

"लोकांना कपडे वेळेवर लागतात गं."

दुसऱ्या दिवशी सिस्टर गेल्या तेव्हा दोरी जवळजवळ रिकामी होती. मास्तरांना माप म्हणायला कपडे उरले नव्हते. सिस्टरांनी पट्टी सोडायला घेतली, मास्तरांनी सवयीनं तोंड फिरवलं, आणि समोर नुसती भिंत बघून परत वळवलं.

"सिस्टर, ते फोटो आहेत का अजून?"

"आहेत की. सगळे आहेत."

"दाखवा. निरोप द्यायचा तर तोंड बघून तरी द्यावा."

सिस्टरांनी फोन पुढं केला. पहिला फोटो बघून मास्तरांनी डोळे मिटले. सिस्टरांनी फोन तसाच धरून ठेवला. मास्तरांनी डोळे उघडले आणि बोटानं पुढं सरकवलं. आणखी पुढं. कापड बोटांनी चाचपावं तसे ते बघत होते, घाई न करता. एका फोटोपाशी थांबले, मागं गेले, पुन्हा पुढं आले.

"ही कड इथं होती. इथं आत आली."

"हो."

"आणि ही बघा, इथून पण. कडेकडेनं आत येतेय." त्यांचा आवाज बदलला. "हे रफू आहे हो सिस्टर. असंच करतात, कडेनं धागा धरून आत आत यायचं. कोण करतंय हे?"

"तुमचंच अंग करतंय, मास्तर. मी फक्त धुते आणि झाकते."

मास्तरांनी फोन मांडीवर ठेवला. मग पायाकडं, खऱ्या पायाकडं, त्यांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा बघितलं. "मी आपला भिंतीकडं तोंड करून बसलो," ते म्हणाले, "आणि हा बिचारा रोज एवढं काम करत होता. एका शब्दानं विचारलं नाही मी त्याला." त्यांचे डोळे भरून आले, आणि शर्टाच्या बाहीला डोळे पुसायचा प्रकार ज्यांना आयुष्यभर आवडला नाही, त्या मास्तरांनी स्वतःच्या शर्टाच्या बाहीला डोळे पुसले.

वहिनी दारातून म्हणाल्या, "पुढचे नका बघू."

पण एकदा बघायला लागलेला माणूस थांबत नसतो. पुढचा फोटो आला, जखम मोठी झालेली. मास्तरांनी तो बघितला, मागचा बघितला, पुन्हा पुढचा. कपाळाला आठी पडली. फोन डोळ्यांजवळ नेला.

"सिस्टर, हे बटण कुणाचं?"

"तुमचंच. ट्रेमधलं."

"छे. हे आधीचं आहे ना, ते ओव्हरकोटाचं बटण. त्याला कड असते, उचललेली. आणि हे पुढच्या फोटोतलं जाकिटाचं. सपाट. पुष्कळ लहान असतं ते. फोटोत दोन्ही सारखीच कशी दिसतात?"

सिस्टरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सारखी दिसणारच, कारण त्याच ती सारखी करत होत्या. बटण कोपऱ्यातल्या चौकटीत मावेपर्यंत फोन खाली-वर. बटण लहान, म्हणजे फोन आणखी जवळ. फोन जवळ, म्हणजे जखम मोठी. त्यांनी ट्रेमधलं बटण उचलून तळहातावर घेतलं. सपाट होतं. दोघांनी एकदम वहिनींकडं बघितलं.

वहिनींचा चेहरा पडला. "वॉचमनच्या कोटाला एक बटण कमी पडत होतं," त्या म्हणाल्या. "त्याचे साहेब तपासायला येणार म्हणून त्याची घाई. डब्यात तसलं नव्हतं. ट्रेमध्ये होतं, ते लावलं, आणि तिथं दुसरं ठेवलं. काळंच ठेवलं, चार भोकांचंच ठेवलं."

"अहो वहिनी, पण का?"

"मला वाटलं, बटण ठेवता ते कुणाचा पाय ते लक्षात राहावं म्हणून. तुम्ही इतक्या घरी जाता. शिंप्याचा पाय, म्हणून बटण. मग कुठलंही चालेल की!"

सिस्टरांनी कपाळावर हात मारला, पण तो स्वतःच्याच चुकीसाठी. इतक्या दिवसांत त्यांनी या बाईला एकदाही सांगितलं नव्हतं की बटण कशासाठी. नाणी खर्च होतात हे त्यांना कळलं होतं. शिंप्याच्या घरात बटणं खर्च होतात, एवढं साधं त्यांच्या टाळक्यात आलं नव्हतं.

"वहिनी, त्या वॉचमनला बोलवा. आत्ता."

वहिनी चपलासुद्धा न घालता रस्ता ओलांडून गेल्या. वॉचमन आला तो घाबरलेला, कारण मास्तरांचं काही बरंवाईट झालं असं त्याला वाटलं. प्रकार ऐकल्यावर त्यानं दोन्ही हातांनी कोट गच्च धरला. "काय पाहिजे ते करा, पण बटण तोडायचं नाही. आजच साहेब येणार आहेत. आणि ड्युटीवर कोट काढायची परवानगी नाही."

"काढू नका," सिस्टर म्हणाल्या. "खाली झोपा."

"काय?"

"मास्तरांच्या पायाशेजारी आडवे व्हा. वहिनींनी लावलेलं ते बटण जखमेजवळ आलं पाहिजे. जखमेला हात लावायचा नाही."

बँकेचा वॉचमन, अंगात कोट, डोक्यावर टोपी, असा सतरंजीवर कुशीवर झोपला. पोट मध्ये येत होतं म्हणून त्यानं श्वास आत ओढून धरला. मास्तरांनी पाय त्याच्या कोटाशेजारी आणला. सिस्टर गुडघ्यांवर बसल्या. बाहेर रस्त्यावर दोघंजण उभे राहून बघायला लागले, त्यांना वहिनींनी हाकललं.

"हलू नका कुणी!"

"लवकर काढा बाई," वॉचमन श्वास न सोडता म्हणाला.

पडद्यावर बटण दिसलं. उचललेली कड, चार भोकं, काळा धागा. सिस्टर फोन खाली-वर करत होत्या. बटण कोपऱ्यात बसलं. टिचकी. मग त्यांनी फोनमधला अगदी पहिला फोटो शोधून काढला, त्याच्याशेजारी हा ठेवला, आणि फोन मास्तरांकडं दिला.

जखम पहिल्या फोटोतल्या जखमेच्या निम्मीसुद्धा नव्हती.

वॉचमननं श्वास सोडला. बटण तग धरून राहिलं, वहिनींची शिलाई तशी पक्की. वहिनी रडू लागल्या, आणि रडता रडता वॉचमनला म्हणाल्या, "उठा आता, सतरंजी चुरगळतेय." मास्तर फोटोकडं बघत होते. त्यांनी वर बघितलं नाही.

डॉक्टर मॅडमना फोटो गेला. पाचच मिनिटांत फोन. "सिस्टर, हे पोट कुणाचं आहे?"

सिस्टरांनी सगळं सांगितलं. पलीकडून हसू ऐकू आलं. "मी जखमच बघत होते हो, बटणाकडं बघायचं मलाही सुचलं नाही. सोमवारी आणा तरी, एकदा डोळ्यांनी बघते. पण दाखल व्हायची पिशवी वगैरे भरू नका." सोमवारी त्यांनी पाय हातात घेऊन, दाबून, वळवून बघितला आणि संध्याकाळच्या आत मास्तरांना घरी पाठवून दिलं. जाताना सिस्टरांच्या हातात मापाच्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा ठेवला. "तुमचं बटण ठेवा, पण शेजारी हीसुद्धा," म्हणाल्या. सिस्टरांनी मुकाट्यानं घेतला.

त्यानंतर मास्तरांचं तोंड भिंतीकडं कधी वळलं नाही. ड्रेसिंगला सिस्टर आल्या की पहिला प्रश्न, "आज कुठली कड?" फोटो काढून झाला की फोन त्यांच्या हातात. कालचा, परवाचा, आजचा. कधी दाखवायचे, "ही बघा, इथं जरा सुरकुती धरलीय, पण बसेल," जणू सदऱ्याच्या खांद्याबद्दल बोलताहेत. सिस्टरांना इतक्या वर्षांत आपल्यासारखाच नादिष्ट पहिल्यांदा भेटला होता. पट्टी बदलायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट वेळ दोघं फोटो बघत बसायचे, आणि वहिनी चहा दोनदा गरम करायच्या. साहेबांची तपासणी आटोपल्यावर वॉचमन स्वतःहून बटण घेऊन आला. "मला दुसरं लावा," म्हणाला, "आणि लावताच आहात तर कोटही जरा सैल करा." इतक्या वर्षांत मास्तरांचा हा पहिला विजय.

जखम भरली. एक दिवस तिथं फिकट गुलाबी रेघ उरली, मग तीही बघायला उजेडात जावं लागू लागलं. डॉक्टर मॅडमनी मऊ तळव्याचे खास बूट दिले आणि मशीनवर थोडं थोडं बसायची परवानगीही दिली. सिस्टर शेवटच्या दिवशी गेल्या तेव्हा पट्टी बांधायची नव्हती. पाय तपासला, बोटांमधून बघितलं, आणि पिशवी बंद केली. नेहमीची चुटपुट लागलीच.

"फोटो नाही काढायचा?" मास्तरांनी विचारलं.

"कशाचा? जखमच नाही."

"म्हणूनच. होती तेव्हा मी बघितलं नाही. आता काही नाही तर तेही बघू द्या की."

त्यांनी बूट घातला, मशीनवर बसले आणि पाय पायट्यावर ठेवला. बटण खिशातच होतं. वाकून पायट्याच्या लोखंडी पट्टीवर, नेमकं जिथं ठेवायचं तिथं, त्यांनी ते ठेवलं. दोरीवर पुन्हा कपडे आले होते. वहिनी सुई थांबवून बघत होत्या. सिस्टर फरशीवर बसल्या, रेघांच्या कोपऱ्यातल्या चौकटीत बटण आणलं, आणि सवयीनं तोंडातून निघणारच होतं, हलू नका. त्यांनी ते गिळलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "चालवा."

मास्तरांनी चवड्यानं पायटं दाबलं. चाक फिरलं, पट्टा सळसळला, बटण उडून कुठंतरी गेलं, आणि त्याच क्षणी टिचकी झाली.

तो फोटो साफ हललेला आहे. चाक नाही, बूट नाही, नुसता एक धूसर पट्टा, आणि वरच्या कोपऱ्यात उडालेलं काळं काहीतरी. सिस्टर इतर हललेले फोटो तिथल्या तिथं पुसून टाकतात. हा त्यांनी ठेवलाय. पुढच्या लग्नात नणंदबाई बिचकत बिचकत म्हणाल्या, "नातीचा असेल तर दाखव, दुसरं काही नको," तेव्हा सिस्टरांनी आधी हाच काढून दाखवला.

"हे काय गं? काहीच दिसत नाही."

"पाय आहे," सिस्टर म्हणाल्या. "चालतोय."